डेस्क फोनवरचे कॉन्टॅक्ट: आधी नंबर कसा लिहायचा ते ठरवा, मग सेव्ह करा

मोबाइलवर नंबर सेव्ह करणं सगळ्यांना येतं, आणि डेस्क फोनवरच्या बहुतेक चुका त्या सवयीतूनच होतात. ऑफिसचा फोन एक्स्चेंजच्या, म्हणजे ऑफिसचे कॉल आत-बाहेर वळवणाऱ्या यंत्रणेच्या, मागे असतो. त्याला बाहेरची लाइन घ्यायला वेगळा आकडा लागू शकतो. त्याची यादी कधी फोनमध्ये असते, कधी सर्व्हरवर. आणि आज तुमच्या टेबलावर असलेला फोन उद्या दुसऱ्याच्या टेबलावर जाऊ शकतो.

म्हणून त्याच त्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. सेव्ह केलेल्या माणसाचा फोन आला तरी नाव दिसत नाही. नाव निवडून कॉल लावला की नंबर चुकीचा असल्याची टेप ऐकू येते. फोन रीस्टार्ट झाला आणि कालच केलेल्या नोंदी गेल्या. एक्सेलमधून यादी चढवली आणि निम्म्या नंबरांचं पहिलं शून्य उडालं. यातली एकही चूक 'सेव्ह' दाबताना होत नाही, ती त्याआधीच झालेली असते. त्यामुळे खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः पहिले दोन टप्पे वगळून चौथ्याला हात घालू नका.

हे सगळं स्क्रीन असलेल्या आयपी (संगणकाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या) डेस्क फोनसाठी आहे: येलिंक, सिस्को, पॉली, ग्रँडस्ट्रीम, फॅनव्हिल, अव्हाया वगैरे. मेनूची नावं प्रत्येक कंपनीत वेगळी असतात, कामाचा क्रम तोच राहतो. तुमच्याकडे फक्त मेमरी बटणं असलेला साधा फोन असेल तर दुसरा आणि सहावा टप्पा वाचा, तेवढं पुरेसं आहे.

## टप्पा १: यादी नेमकी कुठे राहते ते शोधा

फोनवरचं 'डिरेक्टरी' किंवा 'कॉन्टॅक्ट' बटण दाबलं की एकच यादी दिसते असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे तीन-चार वेगवेगळ्या याद्या एकाखाली एक असतात.

फोनमधली स्थानिक यादी. 'लोकल', 'पर्सनल' अशा नावाने असते. तुम्ही फोनवर हाताने भरलेले नंबर इथे जातात. ही यादी त्या यंत्रात राहते, तुमच्याबरोबर दुसऱ्या टेबलावर येत नाही. फोन फॅक्टरी रीसेट झाला की ती पुसली जाते. काही यंत्रणांमध्ये, उदाहरणार्थ सिस्कोच्या बऱ्याच मांडण्यांत, वैयक्तिक यादी सर्व्हरवर तुमच्या लॉगिनशी जोडलेली असते. तसं असेल तर टेबल बदललं तरी ती मिळते.

कंपनीची यादी. 'कंपनी', 'कॉर्पोरेट', 'रिमोट फोनबुक' किंवा 'एलडीएपी' (सर्व्हरवरची यादी शोधण्याची एक पद्धत) या नावाने दिसते. ही सर्व्हरवरून येते आणि फोनवरून फक्त वाचता येते. इथलं नाव चुकलेलं असेल तर ते आयटी विभागच दुरुस्त करू शकतो. फोनवर 'एडिट' शोधत बसू नका.

कॉल हिस्टरी. ही कॉन्टॅक्टची यादी नाही, तरी बरेच जण तिचाच तसा वापर करतात. जुन्या नोंदी आपोआप गळून पडतात, म्हणून 'हिस्टरीत आहे की' या भरवशावर राहू नका.

ब्लूटूथने आलेले मोबाइलचे कॉन्टॅक्ट. काही मॉडेलांवर मोबाइल जोडला की त्याची यादी डेस्क फोनवर दिसते. बहुतेक वेळा ती तात्पुरती असते, मोबाइल दूर गेला की यादीही जाते. शिवाय टेबलाजवळून जाणाऱ्याला तुमचे घरचे नंबर दिसू शकतात. कामाच्या नंबरांसाठी हा मार्ग मला पटत नाही.

आता एक गोष्ट आयटी विभागाला किंवा एक्स्चेंज बघणाऱ्या माणसाला विचारा: 'फोनची सेटिंग सर्व्हरवरून येतात का, आणि रीस्टार्टनंतर स्थानिक यादी तशीच राहते का?' सेटिंग सर्व्हरवरून येत असतील तर काही मांडण्यांत प्रत्येक रीस्टार्टला सर्व्हरवरची यादी फोनवर येऊन बसते आणि तुमच्या नोंदी झाकल्या किंवा पुसल्या जातात. अशा वेळी नोंदी फोनवर करण्यात अर्थच नाही. त्या सर्व्हरवरच व्हायला हव्यात.

> तपासा: स्थानिक यादीत 'चाचणी' नावाने एक नोंद करा आणि फोन मेनूतून रीस्टार्ट करा. नोंद टिकली तर पुढे जा. गेली तर आधी आयटीशी बोला.

## टप्पा २: नंबर कोणत्या रूपात लिहायचा ते ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सगळ्यात जास्त वेळा वगळला जाणाराही हाच.

कॉन्टॅक्टमधल्या नंबराला दोन कामं असतात. तुम्ही कॉल लावता तेव्हा तो एक्स्चेंजला कळायला हवा. आणि समोरून कॉल येतो तेव्हा तो आलेल्या नंबराशी जुळायला हवा, तरच नाव दिसतं. मोबाइलवर हे दोन्ही आपोआप सांभाळलं जातं. डेस्क फोनवर मात्र ही दोन कामं एकमेकांच्या आड येऊ शकतात. बऱ्याच ऑफिसांत बाहेर कॉल लावायला नंबरापुढे ० किंवा ९ असा आकडा, म्हणजे प्रीफिक्स, लावावा लागतो, पण आत येणाऱ्या कॉलवर तो नसतो. प्रीफिक्ससह सेव्ह केलं तर नाव दिसत नाही, आणि त्याशिवाय सेव्ह केलं तर कॉल लागत नाही.

तुमच्याकडे काय होतं ते अंदाजाने ठरवू नका. एक साधी चाचणी करा.

1. तुमच्या मोबाइलवरून डेस्क फोनच्या थेट नंबरावर मिस्ड कॉल द्या.
2. डेस्क फोनची हिस्टरी उघडा, त्या कॉलच्या तपशिलात जा आणि नंबर जसाच्या तसा कागदावर उतरवा. पुढे अधिकचं चिन्ह आहे का, देशाचा कोड आहे का, एक शून्य जास्त आहे का, सगळं बघा.
3. हिस्टरीतल्या त्याच नोंदीवरून परत कॉल लावा.
4. मोबाइल वाजला नाही तर त्याच नंबरापुढे तुमच्या ऑफिसचा प्रीफिक्स लावून हाताने डायल करा. कोणत्या रूपात कॉल लागला तेही कागदावर लिहा.

तिसऱ्या पायरीवरच मोबाइल वाजला असेल तर प्रश्न मिटला. तुमचं एक्स्चेंज प्रीफिक्स स्वतः लावतं, किंवा त्याला तो लागतच नाही. नंबर ज्या रूपात आत आला त्याच रूपात सगळे बाहेरचे नंबर सेव्ह करा.

मोबाइल चौथ्या पायरीवर वाजला असेल तर तीन मार्ग आहेत, आणि ते याच क्रमाने आजमावा.

पहिला मार्ग म्हणजे आयटीला सांगून डायल प्लॅन (नंबर कसा लावायचा याचे नियम) बदलून घेणं. बाहेरच्या लांबीचा नंबर आला की प्रीफिक्स आपोआप लागेल असा नियम एक्स्चेंजवर किंवा फोनवर करता येतो. हे एकदा झालं की संपूर्ण ऑफिसचा त्रास संपतो, म्हणून यासाठी आग्रह धरा.

तो होत नसेल तर फोन शेवटच्या काही अंकांवरून नाव जुळवतो का ते बघा. काही फोन संपूर्ण नंबर ताडून बघतात, काही फक्त शेपूट बघतात. स्वतःचा मोबाइल प्रीफिक्ससह सेव्ह करा आणि पुन्हा मिस्ड कॉल द्या. नाव दिसलं तर प्रीफिक्ससह सेव्ह केलेलं चालेल.

दोन्ही नाही जमलं तर एकाच नोंदीत दोन नंबर भरा. बऱ्याच फोनांत एका नावाला ऑफिस, मोबाइल आणि इतर असे तीन रकाने असतात. पहिल्या रकान्यात प्रीफिक्ससह नंबर लिहा, तो लावायला. दुसऱ्यात आत येतो तसा, तो ओळखायला. हा मार्ग नीटनेटका नाही, कारण कॉल लावताना फोन 'कोणता नंबर?' असं विचारतो. पण काम होतं.

काही नियम मात्र सगळीकडे लागू पडतात:

- आतल्या एक्स्टेन्शनला प्रीफिक्स कधीच लावू नका. २१४ म्हणजे २१४.
- नंबरात मोकळी जागा, डॅश, कंस टाकू नका. काही फोन ते गाळतात, काही तसेच पुढे पाठवतात आणि कॉल पडतो.
- परदेशी नंबरांसाठी आंतरराष्ट्रीय रूप वापरायचं तर अधिकचं चिन्ह, देशाचा कोड आणि मग नंबर. ई.१६४ या मानकानुसार अधिकचं चिन्ह सोडून जास्तीत जास्त १५ अंक होतात. पण तुमचं एक्स्चेंज अधिकचं चिन्ह घेतं का ते आधी एका नंबरावर बघा. काही ठिकाणी त्याऐवजी आंतरराष्ट्रीय प्रीफिक्स द्यावा लागतो.
- समोरच्या कंपनीचा नंबर आणि त्यानंतरचं एक्स्टेन्शन एकत्र सेव्ह करायला मोबाइलवर स्वल्पविराम चालतो. डेस्क फोनवर तो चालेलच असं धरू नका. चालत नसेल तर एक्स्टेन्शन नावातच लिहा: 'गोदाम एक्स्टेन्शन ३०५'.

> सावध: आपत्कालीन सेवेचा नंबर तुमच्या एक्स्चेंजमधून थेट लागतो की प्रीफिक्स लावून, हे चाचणी कॉल करून बघू नका. आयटीला विचारा आणि उत्तर फोनजवळ लिहून ठेवा.

## टप्पा ३: नावं कशी लिहायची

नंबरापेक्षा हे सोपं आहे, पण पन्नास नोंदी झाल्यावर बदलायला फार कंटाळवाणं.

डेस्क फोनची स्क्रीन लहान असते आणि नाव शेवटाकडून कापलं जातं. 'महालक्ष्मी इंजिनिअरिंग अँड ट्रेडिंग – लेखा विभाग' असं नाव लिहिलं तर फोन वाजताना 'महालक्ष्मी इंजिनिअ…' एवढंच दिसेल, आणि त्याच कंपनीच्या पाच नोंदी असतील तर पाचही सारख्याच दिसतील. ज्या शब्दाने नोंद वेगळी ओळखू येते तो आधी घ्या: 'लेखा – महालक्ष्मी', 'गोदाम – महालक्ष्मी'. यादी वर्णानुक्रमाने लागते, त्यामुळे आधी माणूस की आधी कंपनी हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

देवनागरी की रोमन? फोनवर देवनागरी अक्षरं दिसतात का हे एक नोंद करून बघा. काही मॉडेलांवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. दिसली तरी आणखी एक अडचण उरते. बटणांवरून शोधताना फोन रोमन अक्षरं धरून शोधतो. २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ, अशी ती अक्षरं असतात. देवनागरी नाव या शोधात सापडत नाही, यादी खाली सरकवत बसावं लागतं. लहान यादीला देवनागरी ठीक आहे. शेकडो नावं असतील तर रोमनच बरं, हे मी मराठीचा आग्रह असूनही सांगतो.

बरेच फोन एकच नाव दोनदा घेत नाहीत. म्हणून एका माणसाचे तीन नंबर तीन नोंदींत न लिहिता एका नोंदीच्या तीन रकान्यांत भरा.

नोंदीत पासवर्ड, व्हॉइसमेलचा पिन, खातेक्रमांक असलं काही लिहू नका. हा फोन टेबलावर उघडा पडलेला असतो.

## टप्पा ४: एकच नोंद करा आणि दोन्ही बाजूंनी तपासा

नवी नोंद करण्याचे दोन मार्ग आहेत. शक्य असेल तेव्हा दुसरा वापरा.

हाताने: डिरेक्टरी उघडा, स्थानिक यादी निवडा, 'ॲड' दाबा. नावाच्या रकान्यात असताना स्क्रीनच्या खालच्या बटणांपैकी एकावर 'एबीसी' किंवा '१२३' असं काहीतरी दिसतं. ते लिहिण्याची पद्धत बदलतं. नाव लिहिताना आकडे उमटत असतील तर तेच बटण दाबा. सी हवा असेल तर २ तीनदा. लागोपाठची दोन अक्षरं एकाच बटणावर असतील, जसं एम आणि ओ दोन्ही ६ वर, तर पहिलं अक्षर उमटल्यावर क्षणभर थांबा, कर्सर पुढे सरकू द्या, मग दुसरं दाबा. घाई केली की पहिलंच अक्षर बदलत राहतं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि नावाऐवजी 'एए' असं काहीतरी सेव्ह होतं.

हिस्टरीतून: त्या माणसाला एकदा तुम्हाला कॉल करायला सांगा. हिस्टरीत त्या कॉलवर जाऊन 'ऑप्शन'मधून 'स्थानिक यादीत जोडा' अशा अर्थाचा पर्याय निवडा. नंबर जसा आत आला तसाच भरला जातो, अंक चुकण्याचा प्रश्नच नाही. फक्त नाव लिहायचं. दुसऱ्या टप्प्यात तुमच्याकडे प्रीफिक्स लागतो असं दिसलं असेल तर तो याच वेळी योग्य रकान्यात भरा.

नोंदीच्या पानावर आणखी एक रकाना असतो, त्याचं नाव 'अकाउंट' किंवा 'लाइन'. फोनवर एकच लाइन असेल तर तो 'ऑटो' ठेवा. दोन लाइन असतील, समजा एक विक्रीची आणि एक तुमची स्वतःची, तर हा रकाना नीट भरा. तो चुकला की ग्राहकाच्या फोनवर चुकीचा नंबर दिसतो आणि तो परत त्याच नंबरावर फोन करतो.

नोंद झाली की 'सेव्ह' दाबा. 'बॅक' दाबून बाहेर पडलात तर बहुतेक फोनांत नोंद टाकून दिली जाते.

> तपासा: नोंदीवरून कॉल लावा, लागला पाहिजे. समोरच्याला परत कॉल करायला सांगा, स्क्रीनवर नाव आलं पाहिजे. दोन्ही झालं तरच पुढच्या नोंदींना हात लावा.

### नाव दिसत नसेल तर

आधी हिस्टरीतला नंबर आणि सेव्ह केलेला नंबर शेजारी ठेवून एकेक अंक ताडून बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं: सुरुवातीचं शून्य, देशाचा कोड किंवा प्रीफिक्स. नंबर तंतोतंत सारखे असतील तर नाव कुठून शोधायचं ही सेटिंग बघा. काही फोनांत स्थानिक यादी, कंपनी यादी आणि हिस्टरी यांपैकी कशात शोधायचं आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवता येतं. त्यात तुमची यादी बंद असू शकते. समोरचा कॉल रिसेप्शनवरून ट्रान्सफर होऊन येत असेल तर स्क्रीनवर रिसेप्शनचंच एक्स्टेन्शन दिसणार. त्यात कॉन्टॅक्टचा दोष नाही.

आणि ग्राहक म्हणत असेल की 'तुमचा फोन लागतच नाही', तर ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडा. 'जोडा' आणि 'ब्लॉक करा' हे पर्याय अनेक मॉडेलांत एकाच मेनूत खालीवर असतात आणि चुकून दुसरा दाबला जातो.

## टप्पा ५: मोठी यादी संगणकावरून चढवा

पंधरा-वीसपेक्षा जास्त नोंदी असतील तर बटणांवर बोटं झिजवू नका. फोनच्या मेनूत 'स्टेटस' किंवा 'फोनची माहिती' इथे आयपी पत्ता मिळतो. तो त्याच नेटवर्कवरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की फोनचं पान उघडतं. बऱ्याच ऑफिसांत हे पान फक्त आयटीसाठी खुलं असतं. तसं असेल तर फाइल तुम्ही तयार करा आणि चढवायला त्यांना द्या. फाइलची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे, कारण कोणता नंबर चुकला हे त्यांना कळणार नाही.

1. आधी एक्सपोर्ट करा. यादी रिकामी असली तरी दोन-तीन नोंदी हाताने करून मगच एक्सपोर्ट करा. मिळालेली सीएसव्ही किंवा एक्सएमएल फाइल (यादी साध्या मजकुरात साठवायचे दोन प्रकार) हाच तुमचा नमुना. तिची एक प्रत तारखेसह बाजूला ठेवा, तिला हात लावू नका.
2. रकान्यांची शीर्षकं बदलू नका. फोन त्या शीर्षकांवरूनच ओळखतो की नाव कुठलं, नंबर कुठला. एका कंपनीच्या फोनची फाइल दुसऱ्या कंपनीच्या फोनवर सहसा चढत नाही.
3. नंबरांचे रकाने टेक्स्ट करा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल नंबरांना संख्या समजतं. ०४५५५१२३४ चं ४५५५१२३४ होतं. बारा किंवा त्याहून जास्त अंकी नंबर १.२३ई+११ असा दिसू लागतो, आणि तसाच सीएसव्हीत सेव्ह झाला तर शेवटचे अंक कायमचे गेले. म्हणून एक्सेलची रिकामी फाइल उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि डेटाचा प्रकार ओळखू नये असा पर्याय द्या. नव्याने टाइप करत असाल तर आधी रकाना टेक्स्ट करा, मग लिहा. नंतर टेक्स्ट केल्याने गेलेलं शून्य परत येत नाही.
4. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.
5. नोटपॅडमध्ये उघडून बघा. एक्सेलमध्ये बघू नका, पुन्हा उघडताच ते शून्य गायब करून दाखवेल. नोटपॅडमध्ये दिसतं ते खरं.
6. एक्सएमएल असेल तर नावातलं '&' काढा. त्या चिन्हाला एक्सएमएलमध्ये वेगळा अर्थ असतो. एका 'शहा & सन्स'मुळे संपूर्ण फाइल नाकारली जाऊ शकते. सरळ 'आणि' लिहा.
7. इम्पोर्ट करताना जुन्या नोंदींचं काय होणार ते वाचा. काही फोन नव्या नोंदी जुन्यांत मिळवतात, काही जुन्या पुसून नव्या बसवतात, काहींत त्यासाठी टिक करायची चौकट असते. पहिली ओळ शीर्षकांची आहे हे सांगायची चौकटही बघा, नाहीतर 'नाव' नावाचा एक कॉन्टॅक्ट तयार होतो.

> तपासा: फाइलमधल्या ओळी आणि फोनवरच्या नोंदी मोजा. संख्या कमी असेल तर दुहेरी नावं गाळली गेली असतील किंवा फोनची मर्यादा भरली असेल. मग शून्याने सुरू होणारा एक, परदेशी एक आणि एक एक्स्टेन्शन असे तीन नंबर प्रत्यक्ष लावून बघा.

## टप्पा ६: एका बटणावर नंबर बसवताना

स्क्रीनच्या बाजूच्या बटणांवर रोजचे नंबर बसवता येतात. बऱ्याच मॉडेलांत रिकामं बटण काही सेकंद दाबून धरलं की सेटिंग उघडतं. इथे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते.

स्पीड डायल बटण दाबलं की तो नंबर लागतो, एवढंच. नंबर आतला असो वा बाहेरचा.

बीएलएफ (बिझी लॅम्प फील्ड) बटणाला दिवा असतो. त्या एक्स्टेन्शनवरचा माणूस फोनवर बोलतोय का, त्याचा फोन वाजतोय का, हे दिव्यावरून कळतं. सहसा हिरवा म्हणजे मोकळा, लाल म्हणजे बोलण्यात, लुकलुकणारा म्हणजे वाजतोय. रंग बदलता येतात, म्हणून आपल्या फोनवर एकदा बघून घ्या. हे फक्त तुमच्याच एक्स्चेंजमधल्या एक्स्टेन्शनवर चालतं. ग्राहकाचा मोबाइल बीएलएफवर टाकून 'दिवा लागतच नाही' ही तक्रार व्यर्थ आहे.

> सावध: बटणावरचा नंबर हा बहुतेक फोनांत वेगळा सेव्ह झालेला असतो. कॉन्टॅक्टमध्ये नंबर बदलला तरी बटणावर जुनाच राहतो. यादी बदलाल तेव्हा बटणंही तपासा.

## टप्पा ७: बोलणं चालू असताना यादी वापरा

ग्राहक लाइनवर आहे आणि त्याला लेखा विभागाकडे द्यायचंय. अनेक जण थेट डिरेक्टरी उघडतात, नाव निवडतात आणि कॉल लावतात. मग पहिला कॉल होल्डवर जातो, दुसरा वेगळाच सुरू होतो आणि दोघांना जोडायचं कसं ते सुचत नाही. क्रम असा ठेवा:

1. ग्राहकाला सांगा की कॉल कुणाला देत आहात.
2. आधी 'ट्रान्सफर' दाबा. ग्राहक आपोआप होल्डवर जातो.
3. आता डिरेक्टरी उघडा, नाव शोधा, निवडा.
4. समोरच्याने उचललं की त्याला काम सांगा आणि पुन्हा 'ट्रान्सफर' दाबा.

समोरच्याने उचललं नाही तर 'कॅन्सल' करून ग्राहकाकडे परत या. रिसीव्हर ठेवू नका. काही फोनांत रिसीव्हर ठेवणं म्हणजेच ट्रान्सफर पूर्ण करणं असतं, आणि ग्राहक वाजत राहणाऱ्या फोनवर अडकतो. न बोलता थेट देण्यासाठी वेगळं बटण असतं, 'ब्लाइंड ट्रान्सफर' किंवा 'बी ट्रान्सफर'. ते रिसेप्शनकडे किंवा समूह नंबराकडे देताना ठीक. एकट्या माणसाकडे देताना मात्र आधी बोलूनच द्या.

हा क्रम एका सहकाऱ्याचा मोबाइल, दुसऱ्याचं एक्स्टेन्शन आणि तुमचा डेस्क फोन घेऊन रिकाम्या वेळी दोनदा करून बघा. खऱ्या ग्राहकावर पहिला प्रयोग नको.

शोधताना संपूर्ण नाव लिहायची गरज नसते. बऱ्याच फोनांवर पहिल्या दोन-तीन अक्षरांची बटणं एकेकदा दाबली की जुळणारी नावं वर येतात. कंपनीची एलडीएपी यादी मात्र सर्व्हरकडून उत्तर यायला थोडा वेळ घेते. 'सापडलं नाही' असं दिसण्याआधी बटणं दाबत सुटू नका.

## टप्पा ८: बॅकअप, साफसफाई आणि टेबल सोडताना

यादीत मोठा बदल केला की त्याच दिवशी एक्सपोर्ट करा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. फर्मवेअर (फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर) बदलणार, फोन बदलणार किंवा फॅक्टरी रीसेट करणार असं आयटीने सांगितलं तर आधी एक्सपोर्ट, मग होकार. बॅकअप फोनमध्येच ठेवून उपयोग नाही, तो ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये हवा. पण त्या फोल्डरला कुणाकुणाला प्रवेश आहे तेही बघा, त्यात लोकांचे मोबाइल नंबर आहेत.

नंबर बदलल्याचं कळलं की त्याच वेळी बदला. जुना नंबर 'जुना' असं लिहून ठेवू नका. बंद झालेले नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिले जातात, आणि तुमच्या ग्राहकाचं काम अनोळखी माणसाला सांगितलं जातं.

टेबलापासून दूर जाताना फोन लॉक करता येत असेल तर करा. पिन कंपनीने दिलेला मूळचाच असेल तर तो बदलून घ्या.

टेबल कायमचं सोडत असाल तर क्रम असा: स्थानिक यादी एक्सपोर्ट करा. त्यातले कामाचे नंबर तुमच्या जागी येणाऱ्याला द्या. मग स्थानिक यादी, कॉल हिस्टरी, ब्लॉक यादी, ब्लूटूथची जोडणी आणि स्पीड डायलची बटणं पुसा. कॉल फॉरवर्ड चालू असेल तर तो बंद करा. हे सगळ्यात जास्त वेळा राहून जातं, आणि नव्या माणसाचे फोन तुमच्या मोबाइलवर येत राहतात. शेवटी मोबाइलवरून त्या डेस्क फोनवर एक कॉल करा. वाजला, तुमच्याकडे परत वळला नाही आणि स्क्रीनवर तुमचं नाव न दिसता नुसता नंबर दिसला, की फोन दुसऱ्याला द्यायला तयार आहे.